मावळ्याच्या ढालीवर काय काढायचं?

१९ फेब्रुवारी जवळ आली की आमच्या हॉस्टेलचं वातावरणच बदलतं. एरवी सबमिशनच्या आदल्या रात्रीही दहा वाजता झोपणारी मुलं माती कालवायला रात्री दोनपर्यंत जागी असतात. शिवजयंतीला प्रत्येक विंगने एकेक किल्ला करायचा आणि सर लोकांनी नंबर काढायचे, अशी आपली पद्धत. या वर्षी आमच्या विंगने रायगड घेतला होता. विटा, पोती आणि माती सगळं जमलं. भंडाऱ्यातल्या एका कुंभारकाकांकडून चौसष्ट मावळे आणले, भाजलेल्या मातीचे आणि वीतभरापेक्षा लहान. रंग मात्र आम्हीच द्यायचा होता.

आणि तिथेच घोळ झाला!

रंगवायचं काम पवनीकडे होतं. (मित्रांनो, आमच्या विंगमध्ये कोणालाच नावाने हाक मारत नाहीत. जो ज्या गावचा, ते त्याचं नाव. पवनी, साकोली, लाखनी, तुमसर असा अख्खा जिल्हा आमच्या मजल्यावर राहतो. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलो म्हणून माझं नाव ‘कॉन्व्हेंट’.) पवनीचा हात फार सुरेख. त्याने तीन रात्री जागून चौसष्टच्या चौसष्ट ढालींवर लाल रंगात वाघाचं तोंड काढलं. मिशासुद्धा! सगळी विंग बघायला आली. आणि मी, न राहवून, विचारलं, “पण हे खरं आहे का? मावळ्यांच्या ढालीवर वाघ असायचा का?”

पवनीने ब्रश खाली ठेवला. “तू इंग्लिश मीडियमवाला. तुले आमच्या महाराजांचं काय मालूम बे?”

खरं सांगतो, लागलं मला. ‘आमच्या’ म्हणजे काय? महाराज माझे नाहीत का? पण तो बोलला त्यात तथ्य होतं. मला ढालींबद्दल जे माहीत होतं ते सगळं ग्रीक लोकांच्या ढालींबद्दल होतं. लहानपणी मावशीने प्लास्टिकच्या ग्रीक सैनिकांचा एक डबा आणून दिला होता. अंगठ्याएवढे शिपाई, प्रत्येकाच्या हातात कोरी गोल ढाल. त्यावर काय रंगवायचं हे शोधण्यात माझ्या दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या स्पार्टाच्या शिपायाची ढाल मला पाठ, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मावळ्याची माहीत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तरी ग्रीकांची गोष्ट आधी सांगतो, कारण शोधायचं कसं ते मी तिथेच शिकलो.

ग्रीकांना कसं माहीत झालं?

‘३००’ हा सिनेमा हॉस्टेलमध्ये न पाहिलेला प्राणी विरळाच. त्यात स्पार्टाच्या शिपायांच्या ढालीवर उलट्या ‘व्ही’सारखं चिन्ह दिसतं. ते ग्रीक अक्षर लॅम्डा. स्पार्टाच्या देशाचं नाव लॅसिडेमॉन, म्हणून लॅम्डा. आता सिनेमातली थर्मोपिलीची लढाई इ.स.पू. ४८० ची. पण या लॅम्डाचा पुरावा काय? युपोलिस नावाच्या विनोदी नाटककाराचा उल्लेख, तोसुद्धा नवव्या शतकातल्या फोटियसच्या शब्दकोशात टिकून राहिलेला. आणि युपोलिसची नाटकं रंगमंचावर आली ती थर्मोपिलीनंतर पन्नासेक वर्षांनी. म्हणजे लॅम्डा खोटा नाही, पण त्या लढाईत तो होताच असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

त्याआधीच्या काळात ज्याची ढाल त्याची मर्जी. कारण साधं आहे. ग्रीक नागरिक स्वतःच्या पैशाने ढाल करून घ्यायचा. सुमारे नव्वद सेंटीमीटर व्यासाची, लाकडाची आणि वरून बऱ्याचदा ब्राँझचा पत्रा असलेली. त्यावर तो राक्षशीण काढो, बैल काढो, नाहीतर पक्षी. मातीच्या भांड्यांवरच्या चित्रांत ही चिन्हं आजही दिसतात. प्लुटार्कने एका स्पार्टन माणसाची गंमत सांगितली आहे. त्याने ढालीवर माशी काढली होती, खऱ्या माशीएवढीच. लोक हसले, की लपायचा विचार दिसतो! तो म्हणाला, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती बरोबर दिसते.

पुढे शहरांची एकच एक चिन्हं आली तशी त्यांची ‘प्रॉक्सी’ही सुरू झाली. झेनोफोन लिहितो की इ.स.पू. ३९२ च्या सुमारास कोरिंथजवळच्या लढाईत स्पार्टाच्या घोडेस्वारांनी सिकियॉन शहराच्या लोकांच्या ढाली घेतल्या. त्यावर सिकियॉनचा ‘सिग्मा’ होता. समोरच्या आर्गोसवाल्यांना वाटलं, हे तर सिकियॉनचेच, यांना काय घाबरायचं! आणि फसले. हजेरीला दुसऱ्याच्या नावाने ‘प्रेझेंट सर’ म्हणणारे आपण काही पहिले नाही.

पण सगळ्यात भारी पुरावा म्हणजे खरी ढाल. अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत, अगोरामध्ये, १९३६ साली उत्खननात एक चेपलेली ब्राँझची ढाल सापडली. त्यावर अथेन्सच्या लोकांनी टोचून अक्षरं लिहिली आहेत, की ही पायलॉसला स्पार्टाच्या लोकांकडून घेतली. ती लढाई इ.स.पू. ४२५ ची. म्हणजे ही ढाल खरोखर एका स्पार्टन शिपायाची. गंमत बघा, रंग उडून जातो पण धातूवर टोचलेलं अक्षर राहतं.

यातून मी एक उतरंड शिकलो होतो. सगळ्यात वर प्रत्यक्ष वस्तू. मग त्याच काळात काढलेलं चित्र. मग त्या काळाच्या जवळ लिहिलेला मजकूर. मग नंतरच्या लोकांनी लिहिलेला इतिहास. आणि सगळ्यात खाली कॅलेंडर, सिनेमा आणि सिरियल. पवनीचा वाघ कुठून आला होता? त्यानेच सांगितलं, एका गाडीच्या मागच्या काचेवरच्या स्टिकरवरून.

आता आपली पाळी

मग मी ठरवलं, भांडायचं नाही, शोधायचं. स्पर्धेला नऊ दिवस होते.

पहिला धक्का शब्दकोशात बसला. लायब्ररीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे (मूळ १८३१ चा). ‘ढाल’ काढलं. पहिला अर्थ आपल्याला माहीत असलेला. पण दुसरा अर्थ काय असावा? सैन्याचं मोठं निशाण! ज्याच्या मागे फौज चालते आणि जिथे ते रोवलं तिथे मुक्काम पडतो, ते निशाण म्हणजेही ढाल.

हे मी रात्री मेसमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आमचे मेसमधले मामा गोवारी समाजाचे. ते पोळी लाटता लाटता म्हणाले, “ह्यात नवीन का हाय जी? आमची ढाल तं बांबूचीच असते.” खरंच की! आपल्या भंडाऱ्याकडे दिवाळीत गोवारी लोक ढालीची पूजा करतात, मग मंडईत ती घेऊन नाचतात. ती ढाल म्हणजे सजवलेला उंच बांबू. मंडईत आपण सगळे जातो, झाडीपट्टीची नाटकं बघतो, पण याला ढाल का म्हणतात हा प्रश्न माझ्या तरी मनात कधी आला नव्हता. मोल्सवर्थसाहेबाने लिहिलेला अर्थ आमच्या स्वयंपाकघरात जिवंत होता.

दुसरी पायरी चित्रांची. इथेही सांभाळून राहावं लागतं. एके काळी इब्राहिम खान नावाच्या सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जायचं, हे किती जणांना माहीत आहे? वा. सी. बेंद्रे यांनी डच माणसाच्या संग्रहातलं अस्सल चित्र शोधून पुढे आणलं तेव्हा ती चूक सुटली. महाराजांच्याच चित्राबाबत असं होऊ शकतं, तर मावळ्याच्या ढालीची काय कथा! मीर मुहम्मद या चित्रकाराने इटालियन प्रवासी मनुचीसाठी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. महाराज घोड्यावर आणि सोबत पायी चालणारी माणसं. मूळ चित्र पॅरिसला आहे. पुस्तकातली छपाई मी भिंगातून पाहिली. वाघ काही सापडला नाही.

तिसरी पायरी मजकुराची. १८२६ साली ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास छापला. तो म्हणतो की मावळे आपापली शस्त्रं घेऊन येत आणि सरकारातून फक्त दारूगोळा मिळे. घोडदळात दोन प्रकार आपण शाळेत शिकलोच आहोत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारचा, आणि शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा नि शस्त्रं स्वतःची. म्हणजे चौसष्ट मावळ्यांच्या चौसष्ट ढाली एकसारख्या असण्याचं कारणच नाही. आपल्या डोक्यात ‘युनिफॉर्म’ बसलेला असतो, म्हणून आपण सगळ्यांना एकच रंग फासतो.

आता राहिली सगळ्यात वरची पायरी, प्रत्यक्ष वस्तू.

अजब बंगला

रविवारी सकाळी मी पवनीच्या रूमवर गेलो. चार दिवस आम्ही बोललो नव्हतो. म्हटलं, “चल, नागपूरला जाऊ. तिकीट माझं. वाघ सापडला तर सगळ्या विंगसमोर माफी मागतो.” तो काही बोलला नाही, पण चपला घातल्या.

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. एसटीने आम्ही मध्यवर्ती संग्रहालयात पोचलो. १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. मी शाळेच्या सहलीत दोनदा आलो होतो, पण तेव्हा पेंढा भरलेले प्राणी बघून पळालो होतो. या वेळी शस्त्रांपुढे उभे राहिलो.

गोल आणि किंचित फुगीर ढाल. काळपट कातडं. आपल्याकडच्या कातडी ढाली म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या करत. (“गेंड्याच्या कातडीचा माणूस” असं आपण मेसच्या कॉन्ट्रॅक्टरला उगीच म्हणत नाही! वार थांबवणारं कातडं ते.) आणि समोरच्या बाजूला चिन्ह नाही, अक्षर नाही, वाघ तर नाहीच. फक्त धातूची चार फुगीर फुलं, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावीत तशी. दुसऱ्या ढालीवर तसंच. कुठे नक्षी जास्त, कुठे कमी, ज्याची जशी ऐपत. पण चार फुलं बहुतेक सगळीकडे.

मी म्हणालो, “चार फुलांचा काहीतरी अर्थ असेल. चार दिशा, चार वेद...”

पवनी मान वाकडी करून ढालीची मागची बाजू दिसते का ते बघत होता. तो मेकॅनिकलचा. एकदम ओरडला, “अबे, हे तं रिव्हेट हाय!”

चौकीदाराने आमच्याकडे डोळे वटारले.

पण तो अगदी बरोबर होता. ढालीच्या आत हात घालायला दोन पट्टे किंवा दोऱ्या असतात. मधे एक छोटी गादी, म्हणजे वार बसला की बोटांची हाडं ढालीवर आपटू नयेत. दोन पट्टे म्हणजे चार टोकं. चार टोकं म्हणजे कातड्यातून आरपार चार खिळे. नुसता खिळा ठेवला तर ओढ बसून कातडं फाटेल, म्हणून बाहेरून रुंद फूल. आपण नट-बोल्टखाली वॉशर घालतो ना, तेच! ओढ मोठ्या जागेवर पसरते, खिळ्याचं डोकं झाकलं जातं आणि त्यावर बसलेला वार घसरून जातो. म्हणजे ढालीवरचं ‘चिन्ह’ हे चिन्ह नव्हतंच, तो जोड होता. तो सुंदर दिसावा म्हणून कारागिराने त्याचं फूल केलं.

परत येताना एसटीत आम्ही पुन्हा बोलायला लागलो, ते भंडारा येईपर्यंत थांबलोच नाही. ग्रीकांनी ढाली रंगवल्या आणि आपल्यांनी नाही, असं का? माझा तर्क असा. ग्रीक शिपाई रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. चेहरा बऱ्याचदा शिरस्त्राणात झाकलेला, आणि समोरून दिसायची ती फक्त भलीमोठी ढाल. ओळख पटवायला तीच जागा. मावळ्याची ढाल लहान. तो डोंगर चढायचा, झाडीतून जायचा, रात्री छापा घालायचा. त्याने लालभडक वाघ अंगावर वागवून काय साधलं असतं? पवनी म्हणाला, “मंग ओळख कशानं?” त्याचं उत्तर मोल्सवर्थकडे आणि मेसच्या मामांकडे होतं. ओळख निशाणावर. भगव्या झेंड्यावर. एक ढाल अंगाची आणि एक ढाल फौजेची!

आणि चिन्हं हवीच असतील तर ती दुसरीकडे आहेत. राजमुद्रेत आहेत, शिवराई नाण्यावर आहेत, किल्ल्यांच्या दगडी दरवाज्यांवर आहेत. शिवनेरीच्या दरवाज्यावर शरभ आहे. रायगडच्या महादरवाज्यावर दोन कमळं आहेत. आपल्या विदर्भातही चंद्रपूरच्या कोटाच्या वेशींवर गोंड राजांचं हत्तीवर चढलेल्या सिंहाचं शिल्प आजही दिसतं.

अक्षरं लिहिलेलं शस्त्रही आपल्याकडे आहे, आणि ते तर आपल्याच राज्याचं. भंडारा हा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातला. त्यांचे मूळ पुरुष पहिले रघुजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र सरकारने घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपात घडलेलं, म्हणून ती ‘फिरंग’. आणि त्यावर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव नि सेनासाहेब सुभा हा किताब. अथेन्सच्या त्या चेपलेल्या ढालीसारखीच ही तलवार स्वतःची साक्ष स्वतः देते.

साबुदाण्याचा उपयोग

आता काम उरलं ते चौसष्ट वाघ पुसायचं. मला वाटलं होतं पवनीला वाईट वाटेल. वाटलंच असणार, पण पहिला वाघ त्यानेच खरवडला.

थोडं गणित केलं, इंजिनिअर आहोत शेवटी. मावळा दहा सेंटीमीटर उंच, खरा माणूस १६५ धरला, म्हणजे मापन साडेसोळाला एक. खरी ढाल पंचेचाळीस सेंटीमीटरची धरली तर छोटी ढाल २.७ सेंटीमीटर हवी. कुंभारकाकांनी केली होती चारची! भाजलेली माती कापता येत नाही, म्हणून ते तसंच सोडलं. ढालीवरचं फूल पाच सेंटीमीटरचं धरलं तर आपल्याला तीन मिलिमीटरचा गोल हवा. मोहरी लावून पाहिली, बारीक पडली. मग मामांनी डबा पुढे केला. साबुदाणा! फेव्हिकॉलने चिकटवून सोनेरी रंग दिला. चौसष्ट चोक दोनशे छप्पन्न दाणे. ढाली काळ्या, तपकिरी, मातकट अशा वेगवेगळ्या रंगवल्या, कारण प्रत्येकाची स्वतःची. एका रात्री मुंग्यांनी बाराएक फुलं पळवली, ती पुन्हा लावली. आणि पवनीने आपली सगळी कला महादरवाज्यावरच्या दोन कमळांवर ओतली.

निकाल? आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर शेजारच्या विंगला. त्यांच्या ढालींवर सोनेरी वाघ होते!

असो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी स्टाफ क्वार्टर्समधली लहान मुलं किल्ला बघायला आली. त्यातली एक चिमुरडी किती तरी वेळ बघत राहिली आणि तिने विचारलं, “दादा, सगळ्या ढालींवर चारच ठिपके का?” मी तोंड उघडणार तेवढ्यात पवनी गुडघ्यांवर बसला आणि तिची पाटी-दप्तराची पिशवी हातात घेऊन तिला दाखवायला लागला. बंद कुठे शिवलाय, तिथे दुहेरी कापड का लावलंय, नाहीतर काय फाटेल... आणि मग ढाल. तिला कळलं. तिने लगेच जाऊन दुसऱ्या मुलाला सांगितलं.

वाघ बघून कोणी काही विचारलं नव्हतं. चार ठिपके बघून विचारलं.

मित्रांनो, तुम्हीही पुढच्या वर्षी किल्ला कराल. वाघ काढायचा असेल तर जरूर काढा, पण ‘हे कुठून आलं’ एवढं एकदा विचारा. वस्तू बघा, त्या काळाचं चित्र बघा, जुना मजकूर वाचा. आणि मेसमधल्या मामांना विचारायला विसरू नका.

आमच्या विंगचं पुढच्या वर्षाचं ठरलं आहे. तुमसरजवळचा आपला आंबागड! रायगडाची पुस्तकं तरी मिळतात. आंबागडच्या शिपायाच्या हातात काय होतं, ते शोधायला आत्तापासूनच लागावं लागेल. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी ढाल असेल तर आम्हाला जरूर दाखवा. फक्त एकच विनंती, ती उलटी करून आतली बाजूही बघू द्या!